गोल आणि तंबू

रक्तपेढीच्या खिडकीतून अख्खा माणूस दिसत नाही. हात दिसतो, आणि माणूस वाकला तर चेहरा. हातात डॉक्टरांची चिठ्ठी असते, चिठ्ठीला रबरबँडने बांधलेली काचेची छोटी नळी, आणि नळीत रुग्णाचं थोडंसं रक्त. 1989 च्या जूनमध्ये मी नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून लागले आणि 2022 मध्ये निवृत्त झाले. मधली 33 वर्षं असे हात पाहण्यात गेली. ग्रीसने काळे झालेले, बांगड्यांचे, विडीने बोटं पिवळी पडलेले. एकदा एक हात आला, त्याच्यावरची मेंदी अजून उतरली नव्हती. लग्नाला आठ दिवस झाले होते आणि नवरा अपघातात सापडला होता.

निरोपसमारंभात एका वरिष्ठांनी भाषणात सांगितलं, की मॅडमनी हजारो लोकांचे धन्यवाद कमावले. खांद्यावर शाल, हातात नारळ, मी मान हलवली. रात्री घरी सहज आठवत बसले, खरंच किती जणांनी धन्यवाद म्हटलं असेल? दोन्ही हातांची बोटं कशीबशी पुरी झाली, पुढे आठवेना.

यात लोकांचा दोष नाही. फ्रिजमधून काढलेली पिशवी अर्ध्या तासाच्या आत रुग्णाला लागायला हवी. पिशवी हातात ठेवली की आम्हीच ओरडायचो, "पळा, आता थांबू नका." जिवाच्या आकांताने पळणारा माणूस आभार कधी मानणार? पुढे रुग्ण बरा होतो, घरी जातो. पेढे डॉक्टरांच्या टेबलावर जातात, वॉर्डातल्या सिस्टरच्या वाट्यालाही एखादा डबा येतो. रक्तपेढी इमारतीच्या मागच्या अंगाला, औषधांच्या गोदामाशेजारी. तिकडे परत कोण वळतं?

आज हे मी समजूतदारपणे लिहिते आहे. पहिली दहा-बारा वर्षं मात्र मला याचा राग यायचा. रात्रभर जागून चार-चार पिशव्या जुळवून द्यायच्या आणि सकाळी तोच माणूस चहाच्या टपरीवर समोर आला तर ओळखही दाखवायचा नाही. मी घरी येऊन आईला सांगायची, लोक कृतघ्न असतात. आई तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "तू पगार घेते ना?" मला ते फार लागायचं.

तसं आमच्याकडे थँक्यू म्हणायची रीतच कमी. घरच्या माणसाला धन्यवाद म्हटलं तर तो विचारेल, "काय झालं, बरी आहेस ना?" खिडकीवर यायचे ते शब्द वेगळे. "लय उपकार झाले जी." "तुमचं कधी फेडीन मी?" "सात जन्मात नाही फिटणार." ऐकून ऐकून माझ्या लक्षात आलं, की हे सगळे शब्द सावकाराच्या वहीतले आहेत. फेडणं, फिटणं, ऋण, उतराई होणं. टेकडी गणपतीला किंवा कोराडीच्या देवीला बोललेला नवससुद्धा आपण फेडतोच. 'आभार' या शब्दात तर भार आधीच बसलेला. उपकार अंगावर आला की तो लवकरात लवकर खाली उतरवायचा, ही आपली सवय.

रक्तपेढीत या सवयीचं एक सरकारी रूप होतं: बदली रक्त. एक पिशवी नेली, तर घरच्या कुणीतरी एक द्यायची. रजिस्टरमध्ये त्याचा वेगळा रकाना. बदलीवर मी एक अख्खं पुस्तक लिहू शकेन. उमरेडकडून एकदा एक बाळंतीण आली, रक्तस्राव थांबत नव्हता. ट्रॅक्स भरून 14 माणसं सोबत. मी खिडकीतून म्हटलं, दोघांनी तरी रक्त द्या. पाहता पाहता सगळे पुरुष चहाला गेले. कुणाला शुगर आठवली, कुणाला उपास. उरली एकटी सासू. पन्नाशीची, काटक बाई. बोटाला सुई टोचून थेंब निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडला. तो सरळ तळाला गेला. थेंब बुडला की हिमोग्लोबिन पुरेसं, तरंगला की माणूस नापास, अशी ती साधी परीक्षा. बाई पलंगावर आडवी झाली, मूठ उघड-मिट करत राहिली, आणि उठताना म्हणाली, "झालं. आता फिटलं. आता मी तिले बोलाले मोकळी."

आम्ही खूप हसलो. पण बदलीच्या हिशेबाचा सारा स्वभाव त्या वाक्यात होता. फिटलं की माणूस मोकळा होतो, आणि मोकळा झाला की विसरतो.

ज्यांच्याशी व्यवहार पैशाने फिटायचा, त्यांच्याबद्दल लिहिताना मला आजही अवघडायला होतं. मी लागले तेव्हा रक्त विकणारी माणसं सर्रास होती. जानेवारी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आणि 1 जानेवारी 1998 पासून हा धंदा देशभर बंद झाला. योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भुकेला माणूस आपली कावीळ लपवतो, मागच्या महिन्यातच रक्त दिलेलं लपवतो, नाव बदलून येतो. त्यात देणाऱ्याचाही जीव जातो आणि घेणाऱ्याचाही. पण बंदीच्या आधीच्या वर्षांतला एक सायकलरिक्षावाला माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मुकाट्याने यायचा, पैसे मोजून घ्यायचा आणि जाताना दर वेळी विचारायचा, "कोणाले लागते जी हे?" आम्ही हसायचो. मी तर एकदा म्हटलं, "तुला पैसे मिळाले ना? मग झालं." तो गेला. माझा प्रश्न आईच्याच प्रश्नासारखा होता, फक्त उलट्या बाजूने. पैसे घेतले म्हणून मी कुणाच्याही आभाराला पात्र नाही, असं आई म्हणाली तर मला लागत होतं. त्या माणसाच्या बाबतीत मी तेच म्हणत होते आणि मला काही लागलं नव्हतं.

आता ज्या रात्रीमुळे हे सगळं लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

1996 चा मे महिना. नागपूरचा मे म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. रात्री दोन वाजताही भिंतींना हात लावला तर तव्यासारख्या. खिडकीतल्या कूलरची मोटर घरघरायची, वाळ्याच्या ताट्या सुकलेल्या. उन्हाळ्यात रक्त कमी आणि मागणी तेवढीच. कॉलेजं बंद, त्यामुळे शिबिरं बंद, आणि अपघातांना काही सुट्टी नसते. त्या रात्री मी एकटी तंत्रज्ञ, सलग दुसरी रात्रपाळी, आणि मदतीला एक अटेंडंट मामा. आमच्याकडे वॉर्डबॉय आणि अटेंडंट यांना मामाच म्हणतात, आयांना मावशी. मामा चौथी शिकलेले. इंग्रजी वाचता येत नव्हतं.

एकाच वॉर्डातले दोन रुग्ण, आडनाव एकच. एकाचा गट ओ, दुसऱ्याचा ए. जुळवणी मी नीट केली होती, कागदावर काहीच चुकलं नव्हतं. चुकला तो हात. फ्रिज उघडला, ट्रेमधून पिशवी काढली आणि ओ गटाच्या रुग्णाच्या चिठ्ठीसोबत ए गटाची पिशवी मामांच्या हातात दिली. मामा दारापर्यंत गेले, थांबले, ट्यूबलाइटखाली दोन्ही वस्तू शेजारी धरल्या आणि परत आले.

"मॅडम, चिठ्ठीवर गोल आहे, अन् बाटलीवर तंबू."

काचेच्या बाटल्या जाऊन प्लास्टिकच्या पिशव्या आल्या होत्या तरी सगळे बाटलीच म्हणायचे. चिठ्ठीवर O, लेबलावर A. गोल आणि तंबू. लेबलांचे रंगही गटागटांचे वेगळे असतात, ए चं पिवळं, ओ चं निळं. पण माझ्या झोपाळलेल्या डोळ्यांना त्या क्षणी सगळे रंग सारखेच होते. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए च्या विरोधातली प्रतिद्रव्यं जन्मभर तयारच असतात. ती पिशवी लागली असती तर काही मिनिटांत त्याच्या शिरांमध्ये दात्याच्या तांबड्या पेशी फुटायला लागल्या असत्या. ताप, थंडी, कंबरेत कळा, लाल लघवी, मग मूत्रपिंडं बंद. पुढचं सांगत नाही.

मी पिशवी हिसकावून घेतली. बरोबर ती दिली. आणि मामांना काय म्हटलं असेल? "मला कळतं. तुम्ही तुमचं काम करा."

ते "हो जी" म्हणाले आणि गेले. रुग्ण वाचला, चार-पाच दिवसांत त्याला घरी सोडलं. मी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. रजिस्टरमध्ये लिहिली नाही, वरिष्ठांना नाही, नवऱ्यालाही कितीतरी वर्षं नाही. एक मात्र केलं. त्या दिवसापासून पिशवी देण्याआधी तिच्यावरचा क्रमांक आणि गट मी समोरच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायला लागले, आणि चिठ्ठीवरचा त्याच्याकडून वाचून घ्यायला लागले. मामांकडून तर गोल-तंबूच्या भाषेत. बी म्हणजे चष्मा उभा केलेला. नव्या तंत्रज्ञांना वाटायचं, मॅडम काटेकोर आहेत. नवीन मुलांना शिकवताना मी हे कुठल्याशा पुस्तकात वाचल्यासारखं सांगायची.

त्याच वर्षीच्या खांडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे यंत्रांची पूजा केली. सेंट्रिफ्यूजला हार, फ्रिजला हार, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू. झेंडूची फुलं सकाळीच सीताबर्डीवरून मामा घेऊन आले होते. आरती झाली, पेढे वाटले. सेंट्रिफ्यूजपुढे हात जोडून मी उभी होते आणि मामा मागे दाराशी. मला तेव्हा वडिलांचा पोळा आठवला. आमची थोडी शेती होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वडील बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळायचे, मग त्यांच्या कानाशी उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचे. बाकी वर्षभर तेच वडील तुतारी टोचून नांगर ओढून घ्यायचे, त्याचं मी कौतुक करत नाही. पण चोळायचे ते नेमकी तीच जागा, जिथे जू घासतं. ती त्यांना न पाहता सापडायची. मामांचं जू कुठे घासतं, हे मला माहीत नव्हतं. ते राहतात कुठे, हेही नव्हतं. 2001 साली ते निवृत्त झाले तेव्हा मी वर्गणीचे पैसे दिले आणि रात्रपाळी होती म्हणून समारंभाला गेले नाही.

फेडणं आणि जाणणं यात फरक आहे, हे मला ज्याने दाखवलं तो भिवापूरकडचा एक शेतमजूर. 'कृतज्ञ' या शब्दात फेडण्याचा उल्लेखही नाही, हे शाळेत संस्कृत असूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. केलेलं जाणतो तो. बस, एवढंच.

त्या माणसाच्या मुलाला सिकलसेल होता. विदर्भात हा आजार घराघरांतून आहे. आदिवासी वस्त्यांत आहे, दलित वस्त्यांत आहे, इतरत्रही आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, सांधे आणि हाडं अशी दुखतात की पोर रात्ररात्र किंचाळतं. आई-बाप दोघांकडून दोष आला तर मुलाला आजार. या मुलाला वरचेवर रक्त लागायचं. अशा रुग्णांकडून बदली मागायची नाही असा नियम आहे, तरी बाप दर खेपेला स्वतः रक्त द्यायला उभा राहायचा. दर खेपेला त्याचा थेंब मोरचुदात तरंगायचा. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान 12.5 लागतं, दिवसभर मिरचीच्या वावरात राबून, रात्री भाकरी-चटणी खाणाऱ्या माणसाचं ते कुठून येणार? पाचव्यांदा नापास झाला तेव्हा तो खुर्चीवर बसून राहिला. म्हणाला, "माह्याच्यानं हे फिटणार नाही मॅडम."

पुढच्या खेपेला त्याने पिशवीतून 40 पानी वही काढली. पट्टीने आखलेले रकाने. तारीख, बाटलीचा नंबर, गट. आणि चौथा रकाना कोरा, वर लिहिलेलं: 'कोणाचं'.

"हे सांगा."

मी सांगितलं, की दात्याचं नाव आम्ही देत नसतो. देणाऱ्यालाही कळत नाही कुणाला गेलं, घेणाऱ्यालाही नाही कुणाचं आलं. तो थोडा वेळ विचार करत राहिला. "नाव नको. आडनाव तं नकोच. गाव सांगता येते काय?"

गाव सांगण्यात काही अडचण नव्हती. पिशवीच्या नंबरावरून ती कुठल्या शिबिरातली ते कळायचं. त्या दिवशीची वाडीची होती, औद्योगिक वसाहतीतल्या शिबिरातली. त्याने लिहिलं, 'वाडी'. मग मागचे नंबर दाखवले. मी रजिस्टरं काढली. हिंगणा. कामठी. एक रुग्णालयातच दिलेली. एक इतवारीच्या व्यापाऱ्यांच्या शिबिरातली. एक दीक्षाभूमीजवळच्या शिबिरातली. दर खेपेला हे चालू राहिलं. त्याचा मुलगा आत सलाइन लावून पडलेला असायचा आणि हा बाहेर माझ्याकडून गावं लिहून घ्यायचा. एकदा म्हणाला, बसने हिंगण्यावरून जात होतो, तर पोराला सांगितलं, खिडकीतून पाय रे, तुयातलं थोडं इथलं आहे.

हिवाळ्यात तो कागदात बांधून वाळलेली भिवापुरी मिरची आणायचा. पुडी सोडली की अख्खी रक्तपेढी शिंकायला लागायची. पण ती मिरची त्या वहीची बदली नव्हती, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं. पुढे मुलाला हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या सुरू झाल्या, दुखण्याचे झटके कमी झाले, रक्त लागणंही कमी झालं. मुलगा आता मोठा झाला आहे, मोबाइल दुरुस्त करतो. दुसऱ्या वहीची 40 पानं अर्धी कोरी आहेत. ती कोरीच राहोत.

दीक्षाभूमीचं नाव आलंच आहे तर तिथलं एक सांगते. 14 ऑक्टोबर 1956 ला, दसऱ्याच्या दिवशी, बाबासाहेबांनी तिथे लाखो लोकांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दर दसऱ्याला माणसांचा पूर येतो. रेल्वेने, बसने, ट्रकने, पायी. त्या दिवसांत आमची शिबिरं परिसरात लागायची. काम संपलं की मी पुस्तकांच्या दुकानांमधून हिंडायची. इतकी पुस्तकं इतक्या गर्दीत विकली जाताना मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाहीत. एका वर्षी मराठवाड्यातून आलेली एक आजी लुगड्याच्या गाठीतून नोटा सोडून एक जाडजूड ग्रंथ घेत होती. मी विचारलं, आजी, वाचता येतं का? म्हणाली, "मला कुठलं? पण त्यानं काय लिवलंय ते घरात तरी असू दे. नातू वाचंल." उपकार फेडायला आलेली ती बाई नव्हती. फेडणार कुणाला? ती जाणायला आली होती, आणि स्वतःला जाणता येत नव्हतं तर ते काम नातवावर सोपवून जात होती.

कोरोनाचा काळ मी लांबवणार नाही. 22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता आमच्या कॉलनीत थाळ्या वाजल्या, माझ्या घराकडे तोंड करूनही काहींनी वाजवल्या. पुढच्याच आठवड्यात मला सांगण्यात आलं, की मॅडम, लिफ्ट नका वापरू. मी चार मजले चढायची. राग आला, पण पहिल्या दहा वर्षांसारखा नाही. भ्यायलेल्या माणसाकडून कृतज्ञतेची अपेक्षा काय करायची? त्याला त्या वेळी स्वतःशिवाय काही दिसत नाही. गोची झाली ती प्लाझ्माची. बरे झालेले लोक यंत्राला तास-दीड तास बसून प्लाझ्मा देत होते, नातेवाईक त्यासाठी शहर पालथं घालत होते. एका बाईंचा नवरा वाचला. त्या संत्रा बर्फीचा डबा घेऊन आल्या, रडल्या, म्हणाल्या, तुमच्या प्लाझ्मानेच वाचले. त्याचा खास उपयोग दिसत नाही, हे अभ्यासांतून तेव्हा कळू लागलं होतं. मे 2021 मध्ये तो सरकारी उपचारसूचनांतून काढूनच टाकला. मी डबा घेतला आणि गप्प बसले. खरं सांगायला हवं होतं का? देणारा जो कुणी तरुण होता, त्याने तर खरंच दिलं होतं. माझा याबाबतचा निकाल अजून झालेला नाही. बर्फी मात्र आम्ही खाल्ली.

निवृत्त झाल्यावर पहिलं काम केलं ते मामांचा पत्ता काढण्याचं. पेन्शनच्या कामाला जाणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळाला. पाचपावलीत, एका अरुंद गल्लीत घर. मामा ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. ऐंशीला टेकलेले, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पण आवाजावरून मला ओळखलं. सुनेने चहा आणला, नको नको म्हणताना तर्री घातलेले पोहेही आणले.

मी 26 वर्षं पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. मे महिना, रात्रपाळी, एकच आडनाव, गोल आणि तंबू, आणि माझं ते वाक्य. मामा ऐकत होते. मग म्हणाले, "मले काई आठवत नाही मॅडम."

"असं कसं मामा? एक माणूस वाचला तुमच्यामुळे."

"असन. पण मी तं रोजच पाहत होतो न. बाटली हातात आली का चिठ्ठीशी लावून पाहाची. कधी जमे, कधी नाही. नाही जमली का परत आणून देत होतो. तुमचीच नाही, बाकीच्याईचीबी बदलून घेतली असन मी."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. इतकी वर्षं मी एका रात्रीचं ओझं वाहत होते, आणि त्यांच्या लेखी ती रात्रच नव्हती. रोजच्या पाहण्यातली एक खेप. कुणी सांगितलेलं नव्हतं, कामाच्या यादीत नव्हतं. किती जणांच्या किती चुका त्या गोल-तंबूने अडवल्या, त्याची नोंद कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. चूक करणाऱ्या प्रत्येकाने माझ्यासारखंच तोंड बंद ठेवलं असणार.

"आता कोण पाहते तिथं?" त्यांनी विचारलं.

"आता बारकोड असतो. मशीन पाहते."

"मंग बरं आहे. मशीनवर कोणी खेकसत नाही." आणि ते खळखळून हसले. म्हणजे ते वाक्य त्यांना आठवत होतं की काय, मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही.

निघताना त्यांनी पत्र्याच्या पेटीतून जुनं ओळखपत्र काढून दाखवलं. काळा-पांढरा फोटो, भरघोस मिशा. नाव, पद, जन्मतारीख भरलेली. रक्तगटाची जागा कोरी. रक्तपेढीत वर्षानुवर्षं पिशव्या वाहणाऱ्या माणसाचा गट आम्ही कधी तपासला नव्हता. त्यांनीही कधी विचारला नव्हता.

वाचणाऱ्याला एक विनंती मधेच करून ठेवते, नाहीतर राहून जाईल. 1 ऑक्टोबरला, रक्तदानदिनी, लोक भरपूर येतात. दसऱ्याला, नेत्यांच्या वाढदिवसांना येतात. तांबड्या पेशी फार तर 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच. ऑक्टोबरचं रक्त मे महिन्याला पुरत नाही. द्यायचं असेल तर मे महिन्यात या. सकाळी लवकर या, पाणी पिऊन या, उपाशी येऊ नका.

पुढच्या आठवड्यात मी जुन्या सहकाऱ्यांपैकी एका मुलाला पाचपावलीला घेऊन गेले. त्याने मामांच्या बोटाला सुई टोचली, काचपट्टीवर थेंब घेतले, एकात निळं द्रावण टाकलं, एकात पिवळं. मी पट्टी हलवत बसले, 33 वर्षं हलवली तशी. दोन्हीकडे गुठळी झाली नाही. आरएचच्या थेंबात मात्र झाली, म्हणजे पॉझिटिव्ह. खात्रीसाठी नळीत नमुना घेऊन तो मुलगा गेला आणि संध्याकाळी त्याचा निरोप आला. मी फोन केला.

"मामा, गोल."

पलीकडे थोडी शांतता. मग, "म्हणजे माहं सगळ्याईले चालते?"

"सगळ्यांना नाही मामा. पॉझिटिव्हवाल्यांना चालतं. आपल्याकडे तेच जास्त."

"मंग येऊ काय द्याले?"

वयाची 65 उलटल्यावर रक्त घेत नाहीत. हेही मामांना मलाच सांगावं लागलं.